गुन्ह्याचा पत्ता

भाडं ठरलं, डिपॉझिट ठरलं, पाणी किती वाजता येतं तेही विचारून झालं, की घर बघायला आलेला माणूस शेवटी हळूच विचारतो, "एरिया कसा आहे?" एजंट म्हणतो, "एकदम सेफ." खालच्या मजल्यावरचे काका म्हणतात, "तसा चांगलाच आहे. फक्त पलीकडच्या वस्तीकडे रात्री जाऊ नका." एवढ्यावर आपण निर्णय घेऊन मोकळे होतो. प्रश्न रास्तच आहे. मुलंबाळं, म्हातारे आईवडील घेऊन राहायचं असतं. पण या प्रश्नाचं जे उत्तर संशोधकांच्या हाती आलंय, ते इतकं अनपेक्षित आहे की ऐकल्यावर आपल्याच गल्लीकडे पुन्हा एकदा नीट बघावंसं वाटतं.

सुरुवात करू या अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरापासून. गुन्हेशास्त्रज्ञ लॉरेन्स शर्मन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी तिथल्या पोलिसांकडे वर्षभरात आलेल्या मदतीच्या फोनची नोंद मिळवली. तीन लाखांहून जास्त फोन! मग त्यांनी एक चिकाटीचं काम केलं. प्रत्येक फोन नेमका कुठल्या घरासाठी, दुकानासाठी, चौकासाठी होता, ते लावून पाहिलं. शहरात अशी ठिकाणं होती सुमारे १ लाख १५ हजार. शहर मोठं, फोन लाखांनी, तेव्हा ते साधारण सगळीकडे विखुरलेले असतील, गरीब भागात थोडे जास्त, श्रीमंत भागात थोडे कमी, असंच कुणालाही वाटेल. १९८९ साली त्यांचा निबंध छापून आला आणि कळलं की निम्मे फोन फक्त तीन टक्क्यांच्या आसपास ठिकाणांसाठी आले होते. एखादं मोठं दुकान, रात्रभर उघडं असणारं किराण्याचं दुकान आणि बार एकाच कोपऱ्यावर असलेला एखादा चौक, काही ठरावीक इमारती. घर गळतंय असं आपण म्हणतो, गळत असतं एखादंच फुटकं कौल. तसंच हे.

एका वर्षाचा योगायोग असेल, नाही का? ही शंका डेव्हिड वाइसबर्ड यांनी अमेरिकेतल्याच सिअॅटल शहरात तपासली. त्यांनी मोजायला वस्ती घेतली नाही, वॉर्डही घेतला नाही. दोन चौकांमधला रस्त्याचा तुकडा आणि त्याच्या दोन्ही बाजूंची घरं, हे त्यांचं माप. असे २४ हजार तुकडे आणि १६ वर्षांचे गुन्हे. या काळात शहरातले एकूण गुन्हे बरेच कमी झाले, माणसं आली-गेली, दुकानं बदलली. तरी जवळपास निम्मे गुन्हे दरवर्षी पाच-सहा टक्के तुकड्यांवरच घडत राहिले. एकट्या एक टक्का तुकड्यांवर पाचव्या हिश्शाहून अधिक. हजारो मैलांवरच्या तेल अवीवमध्ये मोजलं, तर तिथेही आकडा याच घरात.

मला यातलं सगळ्यात थक्क करणारं वाटतं ते पुढचं. नकाशावर बदनाम भागाच्या आत शिरून बघितलं, तर तिथल्याही बहुतेक गल्ल्यांत वर्षानुवर्षं फारसं काही घडलेलं नसतं. आणि नावाजलेल्या भागात एखादा तुकडा असा निघतो की तिथे पोलिसांची गाडी सारखी येत असते. वळण घेतलं की चित्र पालटतं. काकांनी ज्या 'पलीकडच्या वस्ती'ला नावं ठेवली, तिच्यातल्या शंभर कुटुंबांपैकी नव्वद-पंचाण्णव कुटुंबं कदाचित त्यांच्याइतक्याच शांत गल्लीत राहत असतील.

"एरिया कसा आहे?" या प्रश्नाच्या पोटात आपल्याकडे बऱ्याचदा दुसराच प्रश्न दडलेला असतो : तिथे कोण लोक राहतात? जात, धर्म, प्रांत, सगळं त्यात येतं. या समजुतीला शिकागोत फार पूर्वी धक्का बसला होता. क्लिफर्ड शॉ आणि हेन्री मके या दोघांनी बालगुन्हेगारांच्या कोर्टातल्या नोंदी घेऊन १९०० पासून १९३३ पर्यंतचे नकाशे काढले. या काळात शिकागोच्या मध्याजवळच्या वस्त्यांत जर्मन आणि आयरिश लोक होते, ते सुधारलेल्या भागांत निघून गेले, त्यांच्या जागी पोलिश आणि इटालियन आले. राहणारी माणसं बदलत गेली आणि गुन्ह्यांचं प्रमाण मात्र त्याच जागांवर ठाण मांडून बसलेलं. निघून गेलेल्या लोकांबरोबर ते गेलं नाही. जे आज आपण एखाद्या समाजाच्या नावावर खपवतो, ते त्या नकाशात जागेच्या नावावर लिहिलेलं होतं.

पण जागा गुन्हा कसा घडवेल? याचं उत्तर एका टीव्हीच्या वजनात सापडतं! १९६० नंतर अमेरिकेत एक कोडं पडलं होतं. लोकांची मिळकत वाढत होती, बेकारी कमी होत होती आणि घरफोड्या मात्र भराभर वाढत होत्या. लॉरेन्स कोहेन आणि मार्कस फेल्सन यांनी १९७९ मध्ये सांगितलं की चोरांची संख्या मोजत बसू नका, रोजचं आयुष्य बघा. बायका मोठ्या संख्येनं नोकरीला जाऊ लागल्या होत्या, त्यामुळे दिवसा घरं रिकामी. आणि घरातल्या वस्तू? या दोघांनी चक्क दुकानाचे जुने कॅटलॉग काढून पाहिले. १९६० साली विकायला असलेला सगळ्यात हलका टीव्ही ३८ पौंडांचा, म्हणजे सतरा किलोंच्या वर. १९७० मध्ये सगळ्यात हलका टीव्ही १५ पौंडांचा, म्हणजे सातेक किलो. सतरा किलोंचं धूड उचलून कोण पळणार? सात किलोंचं खोकं काखेत मारता येतं. त्यांचं म्हणणं असं की चोरायला तयार माणूस, चोरण्याजोगी वस्तू आणि कुणाचं लक्ष नसणं, हे तिन्ही एका जागी, एका वेळी जुळले की गुन्हा घडतो. एक जरी निसटलं तरी घडत नाही.

मग चोर एकदा येऊन गेला की घर सुरक्षित झालं असं समजायचं का? लोक म्हणतात, "आता काय, नेण्यासारखं उरलंय काय!" इंग्लंडमधल्या रॉचडेलच्या कर्कहोल्ट वसाहतीत १९८० च्या दशकात उलटच दिसलं. ज्या घरात एकदा चोरी झाली, तिथे पुन्हा चोरी होण्याची शक्यता इतर घरांच्या चौपट होती. चोराला आता खिडकीची कडी माहीत असते, मागचा दरवाजा माहीत असतो. शिवाय या वसाहतीतल्या घरांत गॅसचे आणि विजेचे नाणी टाकून चालणारे मीटर होते, म्हणजे भिंतीवर लावलेला गल्लाच. मग काय केलं? मीटर बदलले, फुटलेल्या घराच्या कड्या-कुलपं पक्की केली आणि आजूबाजूच्या पाच-सहा घरांना सांगितलं, "या घरावर जरा लक्ष ठेवा." सगळ्या वसाहतीला पहारा द्यायला लावलं नाही, फक्त त्या घराच्या लगतच्या शेजाऱ्यांना. तीन वर्षांत वसाहतीतल्या घरफोड्या जवळपास तीन-चतुर्थांशानं घटल्या.

पुढे शेन जॉन्सन आणि केट बोवर्स यांनी दाखवलं की एक घर फुटलं की आसपासच्या घरांनाही काही आठवडे धोका वाढतो आणि मग तो हळूहळू ओसरतो, एखादी साथ ओसरावी तसा. हे तपासायची गणिती रीत मुळात वैद्यकातली. लहान मुलांचा रक्ताचा कर्करोग एकाच काळात, एकाच भागात गोळा होतो का, हे पाहण्यासाठी जॉर्ज नॉक्स यांनी ती १९६४ मध्ये वापरली होती. पाच देशांतल्या दहा ठिकाणी घरफोड्यांचं हेच रूप दिसलं.

आता तुम्ही म्हणाल, आकडे बघून घर घेऊ. बघा, पण दर हजार रहिवाशांमागे किती गुन्हे हा आकडा वाचताना भागाकारातली खालची संख्या कुणाची ते विचारा. लंडनच्या मधोमध 'सिटी ऑफ लंडन' नावाचा जुना व्यापारी भाग आहे. २०२१ च्या जनगणनेत तिथे राहणारे जेमतेम साडेआठ हजार, पण रोज कामाला येणारे काही लाख. गुन्हे मोजायचे लाखांच्या गर्दीतले आणि भागायचं साडेआठ हजारांनी! तिथला दर भयंकर दिसणारच. आपल्या दादर स्टेशनच्या आसपासचंही तेच, खिसा कापला जातो तो कित्येकदा कल्याण-विरारला राहणाऱ्याचा. आणि भारतातल्या गुन्ह्यांचे आकडे प्रसिद्ध करणारा राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभाग आपल्या अहवालात स्वतःच बजावतो की गुन्हे वाढणं आणि गुन्ह्यांची नोंद वाढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जिथे बाई निर्धास्तपणे चौकीत जाऊन तक्रार लिहू शकते, तिथला आकडा फुगलेला दिसतो.

गल्लीगल्लीचे आकडे तर आपल्याला मिळतच नाहीत. मग डोळ्यांनी काय बघायचं? न्यूयॉर्कच्या हडसन स्ट्रीटवर राहणाऱ्या जेन जेकब्ज यांनी १९६१ मधल्या आपल्या पुस्तकात एक प्रसंग सांगितलाय. खिडकीतून त्यांना दिसलं की एक माणूस आठ-नऊ वर्षांच्या मुलीला बरोबर न्यायला बघतोय आणि ती अंग आखडून भिंतीला टेकून उभी आहे. मध्ये पडावं का, असा विचार त्या करत होत्या, तोवर मटणाच्या दुकानातून बाई बाहेर आली, बारमधून दोघं आले, कुलूपवाला, फळवाला, लाँड्रीवाला, सगळे आपापल्या दारात येऊन उभे राहिले. मुलगी कुणाची ते त्यांतल्या कुणालाच माहीत नव्हतं. तो माणूस तिचा बापच निघाला. पण त्या क्षणी त्या रस्त्यावरून मुलीला ओढून नेणं कुणालाही शक्य नव्हतं, आणि तिथे एकही पोलीस नव्हता!

हे भावुक वर्णन नाही, याची मोजणी झाली आहे. रॉबर्ट सॅम्पसन आणि सहकाऱ्यांनी शिकागोतल्या ८,७८२ रहिवाशांना साधे प्रश्न विचारले. शाळा बुडवून मुलं कोपऱ्यावर उभी दिसली तर तुमचे शेजारी काही बोलतील का? भिंत खराब करताना दिसली तर? १९९७ मध्ये निष्कर्ष आला : जिथे लोक "हो, बोलतील" म्हणाले, तिथे हिंसा कमी होती, गरिबीचा हिशेब वेगळा काढल्यावरसुद्धा.

म्हणून घर बघायला रविवारी सकाळी अकराला जाऊ नका. बुधवारी रात्री साडेनऊला स्टेशनपासून किंवा बसस्टॉपपासून चालत जा. खाली दुकानांची शटर उघडी आहेत का? खिडक्या रस्त्याकडे उघडतात की रस्त्याला फक्त पार्किंगची लांबलचक भिंत आहे? एकट्या बायका चालताना दिसतात का? २०१३ मध्ये सुरू झालेलं 'सेफ्टिपिन' हे आपल्याकडचं अॅप नेमकं हेच मोजतं : उजेड, मोकळेपणा, वर्दळ, वर्दळीत बायका किती. वाटेचं मोल किती असतं ते अर्थतज्ज्ञ गिरिजा बोरकर यांनी दिल्ली विद्यापीठातल्या मुलींचा अभ्यास करून दाखवून दिलं. जायची वाट जास्त सुरक्षित वाटावी एवढ्यासाठी मुली वरच्या दर्जाचं कॉलेज सोडून खालच्या निम्म्यातलं कॉलेज घ्यायला तयार होतात. मार्क असतात, प्रवेश मिळत असतो, आणि आड येतो तो रस्ता. हे वाचून राग आल्याशिवाय राहत नाही.

पण जागेमुळे बिघडतं ते जागेतूनच सुधारतं का? फिलाडेल्फियात संशोधकांनी ५४१ ओसाड मोकळे प्लॉट घेतले आणि कुठले सुधारायचे ते चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलं. कचरा उचलला, जमीन सपाट केली, गवत आणि थोडी झाडं लावली, कमरेइतकं लाकडी कुंपण घातलं. २०१८ मध्ये निकाल आले. दारिद्र्यरेषेखालच्या वस्त्यांत अशा प्लॉटभोवती बंदुकीच्या हिंसेत २९ टक्के घट! लोक बाहेर बसू लागले, म्हणजे रस्त्यावर पुन्हा डोळे आले.

इथे एक शंका येतेच : इथून हटवलेला गुन्हा शेजारच्या गल्लीत जाईल ना? वाइसबर्ड यांनी हीच शंका अमेरिकेतल्या जर्सी सिटीत तपासली. पोलिसांनी दोन कुप्रसिद्ध ठिकाणी जोर लावला आणि संशोधक मुद्दाम आजूबाजूच्या रस्त्यांवर नजर ठेवून बसले. तिथल्या गर्दविक्यांशीही ते बोलले. नव्या जागी जायचं तर ती जागा ओळखीची नाही, गिऱ्हाईक ओळखीचं नाही, आधीपासून बसलेले दुसरे विक्रेते उभं राहू देणार नाहीत, असं त्यांचं म्हणणं. बरेचसे हललेच नाहीत. आणि ज्यांवर पोलिसांनी जोर लावलाच नव्हता, त्या शेजारच्या गल्ल्यांतले गुन्हेही कमी झाले.