आबा खोलीत हवेत

माल पाठवणाऱ्या आबांनी खिशातून कापडी पुरचुंडी काढली, गाठ सोडली आणि मूठभर बेदाणा माझ्या वहीच्या कोऱ्या पानावर ओतला. समोरच्या इंडोनेशियन खरेदीदाराने एक दाणा उचलला, दोन बोटांत दाबून पाहिला, मग नाकाशी नेला. सकाळपासून दोन्हीकडचे वकील जुने ई-मेल वाचून दाखवत होते. आता पहिल्यांदाच दोघे व्यापारी मालाबद्दल बोलू लागले. कंटेनर बंदरात किती दिवस उभा होता, ओल कुठे धरली, खालचे खोके आधी चिकटले की वरचे.

ही खोली सिंगापूरच्या मॅक्सवेल चेंबर्समधली. पूर्वीचं कस्टम्स हाऊस. आता इथे लवादाच्या आणि मध्यस्थीच्या बैठका होतात. मी सहमध्यस्थ होते. मध्यस्थीत गोपनीयता पाळावी लागते, म्हणून ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. बेदाणा मात्र सांगली जिल्ह्यातलाच.

मध्यस्थ निकाल देत नाही. आधी सगळ्यांना एकत्र बसवतो, मग प्रत्येक बाजूशी वेगळा बोलतो. या वेगळ्या बैठकीला आम्ही ‘कॉकस’ म्हणतो; तिथलं बोलणं परवानगीशिवाय पलीकडच्या खोलीत जात नाही. दुपारच्या कॉकसमध्ये आबा म्हणाले, “मॅडम, पैशाचं बघू की. पण आम्ही खराब माल पाठवला असं त्यांनी बाजारात सांगितलंय, त्याचं काय?” दाव्याच्या कागदांत हे कुठेच नव्हतं. हिशेब सोबत आलेल्या त्यांच्या पुतण्याला तोंडपाठ होता. रक्कम सोडायचा अधिकार आणि मनातला सल मात्र आबांचा होता. म्हणून पहिल्या फोनपासून आम्ही एकच विचारत राहतो: सही करणारा माणूस स्वतः येणार ना?

इथेच व्हिसाचा प्रश्न येतो. इंडोनेशियाच्या पाहुण्यांना छोट्या मुक्कामासाठी सिंगापूरचा व्हिसा लागत नाही. आबांना आणि मला लागतो. मात्र माझ्या कामाचा गुंता सिंगापूरने आधीच सोडवून ठेवला आहे. लवाद किंवा मध्यस्थीचं काम करायला आलेल्या परदेशी माणसाला तिथे वर्क पास लागत नाही. अल्पमुदतीच्या व्हिजिट पासवर, वर्षात 90 दिवसांपर्यंत, मनुष्यबळ मंत्रालयाला ऑनलाइन कळवून हे काम करता येतं. पोहोचल्या रात्री हॉटेलात तो फॉर्म भरताना कामांच्या यादीत ‘मध्यस्थी’ दिसली आणि माझा जीव भांड्यात पडला.

कारण याच वादाची बैठक आधी दुसऱ्या एका देशात ठरली होती. तिथल्या अर्जात दोनच रकाने होते, व्यवसायभेट किंवा नोकरी. मी फी घेते, म्हणजे हे काम झालं. पण मला कोणी नोकरीवर ठेवलेलं नाही. मग निमंत्रणपत्रात वाद कोणाकोणाचा आहे ते लिहा, असं सांगण्यात आलं. लिहिलं तर गोपनीयता मोडते. पत्रापत्रीत ठरलेली तारीख निघून गेली, हंगाम सुरू झाला, आबा बेदाण्याच्या शेडवर अडकले आणि दोन्हीकडचा राग पुन्हा वर आला. तवा तापलाय तोवरच पोळी भाजून घ्यावी लागते. व्हिडिओवर बसून पाहिलं, पण पडद्यावरून बेदाणा दाबून पाहता येत नाही.

मध्यस्थीतून झालेली तडजोड देशोदेशी अमलात यावी, म्हणून 7 ऑगस्ट 2019 रोजी सिंगापूरमध्येच एका आंतरराष्ट्रीय करारावर सह्या झाल्या. पहिल्याच दिवशी सही करणाऱ्या 46 देशांत भारत होता. पण तडजोडीचा कागद सीमा ओलांडण्याआधी माणसांना ती ओलांडावी लागते.

आपला 2023 चा मध्यस्थी कायदा कोणत्याही देशाच्या नागरिकाला मध्यस्थ होण्याची मुभा देतो. मध्यस्थी 120 दिवसांत, फार तर आणखी 60 दिवसांत, संपवायलाही सांगतो. कायद्याने दार उघडलं, मुदतही घालून दिली. व्हिसाची खिडकी त्या मुदतीशी जुळली पाहिजे. परदेशी वाद मुंबईत सुटावेत असं वाटत असेल, तर अर्जात मध्यस्थीचा स्वतंत्र रकाना हवा. पक्षकारांची नावं नसलेलं मध्यस्थी संस्थेचं पत्र पुरेसं मानावं. तारीख ठरली की काही दिवसांत उत्तर मिळावं. आणि ही सोय एकट्या मध्यस्थाला देऊन भागणार नाही. पक्षकार, दुभाषी, तज्ज्ञ यांनाही ती हवी. सुरक्षेची तपासणी जरूर व्हावी, पण ती वेळेत व्हावी.

रात्री साडेनऊला करार झाला. पुढच्या हंगामात दोन कंटेनर सवलतीच्या दराने, जुना दावा मागे, आणि खरेदीदाराच्या सहीचं एक पत्र: माल निघाला तेव्हा चांगला होता. आबांनी ते पत्र पुतण्याकडून दोनदा मराठीत समजून घेतलं आणि मगच सही केली. पुतण्या एकटा आला असता तर कदाचित रक्कम ठरली असती. हे पत्र कोणी मागितलंच नसतं.