आरशासारखं स्टील

शिकागोच्या मिलेनियम पार्कमध्ये ‘क्लाउड गेट’ नावाचं एक भलंमोठं शिल्प आहे. शिल्पकार अनिश कपूर, जन्म मुंबईचा, १९५४ सालचा. स्टेनलेस स्टीलच्या १६८ प्लेट्स वेल्ड करून बनवलेल्या या शिल्पात अख्खं आकाश दिसतं, जोड मात्र शोधूनही सापडत नाही! २००४ साली पार्क सुरू झालं तेव्हा सगळे जोड दिसत होते. ते घासून नाहीसे करण्याचं काम २००५ मध्ये झालं आणि रीतसर लोकार्पण २००६ मध्ये. म्हणजे घाई तिथेही चालली नाही.

तिथे सुरुवात झाली ४० ग्रिटपासून. मग ८०, १००, १२० असं करत ८०० पर्यंत, आणि बफ सगळ्यात शेवटी. आपल्याकडे बरेच जण वेल्डिंग वरवर घासतात आणि जॉब सरळ बफवर धरतात. जॉब चमकतो हो, पण ट्यूबलाइटखाली नेला की खालचे ओरखडे जसेच्या तसे. कारण बफ खोल ओरखडा काढत नाही, फक्त त्याच्या कडा गोल करतो.

खरं तर अर्धा निकाल वेल्डिंगलाच लागलेला असतो. ३०४ ला ३०८एल फिलर, ३१६ ला ३१६एल. टिग वेल्डिंग, आर्गॉन नीट, आणि कडा तेल-ग्रीस पुसून स्वच्छ. आत पिनहोल राहिलं तर ते घासताना उघडं पडतं, आणि कितीही पॉलिश केलं तरी काळा ठिपका दिसतोच. बीड पृष्ठभागापेक्षा थोडं वर हवं. खाली बसलं तर आजूबाजूचं सगळं उतरवावं लागतं, तिथे खळगा पडतो आणि आरशात चेहरा वाकडा! शिवाय हे स्टील उष्णतेने माइल्ड स्टीलच्या जवळपास दीडपट प्रसरण पावतं आणि उष्णता लवकर सोडत नाही, त्यामुळे पातळ पत्रा लगेच वाकतो. टाके जवळजवळ मारा, ग्राइंडर एका जागी दाबून धरू नका. माइल्ड स्टीलवर वापरलेली डिस्क तर अजिबात नको, लोखंडाचे कण रुततात आणि मागाहून गंज दिसतो.

पॉलिश पेपरची युक्ती सोपी आहे. १२० उभा मारला तर १८० आडवा मारायचा. उभे ओरखडे पूर्ण गेल्याशिवाय २४० ला हात लावायचा नाही. मधे जॉब धुवायचा, नाहीतर आधीच्या पेपरचा एखादा दाणा पुढे येऊन सगळं बिघडवतो. असं ४००, ६०० पर्यंत. हे कंटाळवाणं आहे, पण इथेच लोक एक-दोन नंबर गाळतात आणि मग कंपाउंडला शिव्या देतात.

यानंतर कडक सिसल बफ, मग मऊ कॉटन बफ. प्रत्येक कंपाउंडला बफ वेगळा.

मटेरियल मात्र आधी विचारून घ्या. ३२१ ग्रेडमध्ये टायटॅनियम असतं, त्याचे कठीण कण पॉलिशमध्ये रेघा सोडतात, तिथे खरा आरसा मिळतच नाही.

आणि बफवर जॉब नेहमी मधल्या रेषेच्या खाली धरा, वरची कड चाकाच्या दिशेने येऊ देऊ नका. कड अडकली की चाक जॉब हातातून खेचून भिरकावतं. ढगळ बाह्या, ओढणी, सैल हातमोजे नकोत. मास्क आणि गॉगल हवाच.