पाच लाखांचा मेडिक्लेम आणि खोलीचं भाडं

'पाच लाखांचा मेडिक्लेम आहे, तीन लाखांचं बिल आलं तरी खिशाला झळ नाही.' सर्वांत महागात पडणारा गैरसमज हाच. अनेक पॉलिसींत रोजच्या खोलीभाड्याला विमा रकमेच्या एक टक्क्याची मर्यादा असते, म्हणजे पाच लाखांवर पाच हजार. दहा हजारांची खोली घेतली तर फक्त वरचे पाच हजार जातील, असं आपण धरून चालतो. पण खोली भारी तशी सर्जनची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग यांचे दरही चढतात. म्हणून कंपनी त्यांनाही त्याच प्रमाणात कात्री लावते. चार दिवसांचं भाडं चाळीस हजार आणि ही बाकीची फी एक लाख वीस हजार झाली, तर निम्मे, म्हणजे ऐंशी हजार, आपल्याला भरावे लागतात. औषधं, इम्प्लांट, तपासण्या आणि आयसीयू यांवर मात्र ही कपात लावता येत नाही. लावली असेल तर भांडा. आणि खोली ठरवण्याआधी टीपीए डेस्कवर आपली मर्यादा विचारून घ्या.

'डायबिटीस लिहू नका, प्रीमियम वाढेल', असं सांगणाऱ्याचं कृपया ऐकू नका. 2024च्या नियमांनुसार, जाहीर केलेल्या जुन्या आजारासाठी जास्तीत जास्त तीन वर्षं थांबावं लागतं. लपवला, तर केसपेपरवरची 'डीएम, आठ वर्षं' एवढी एक नोंद क्लेम नाकारायला पुरते. सलग साठ महिने पॉलिसी चालू राहिल्यावरच हे कारण बाद होतं. तेव्हाही सिद्ध झालेल्या फसवणुकीला माफी नाही.

कॅशलेस नाकारलं म्हणजे क्लेम बुडाला, असंही नाही. मूळ बिलं, रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा आणि नंतर परतावा मागा. तक्रार करूनही कंपनीने तीस दिवसांत दाद दिली नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. मुंबई आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत. फी लागत नाही, वकीलही लागत नाही.

'सरकारी योजना पिवळ्या-केशरी रेशनकार्डाची', हे तर आता जुनं झालं. महात्मा फुले जन आरोग्य योजना पांढऱ्या कार्डालाही लागू आहे, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. उपचार मात्र योजनेच्या यादीतला आणि रुग्णालय अंगीकृत हवं. तिथल्या आरोग्यमित्राला आधी गाठा. घरात सत्तरी ओलांडलेले आई-वडील असतील, तर त्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड आजच काढा. त्याला उत्पन्नाची अट नाही आणि खासगी मेडिक्लेम असला तरी ते मिळतं.