उत्तरेचं पाणी – भाग ५ : अलास्काला जायचं, पण कोणत्या जहाजानं?

कान्हे, वडगाव, तळेगाव या आपल्या पट्ट्यातल्या बऱ्याच घरांतली मुलं आता सिएटलच्या आसपास नोकरीला आहेत. आईवडील उन्हाळ्यात तिकडे गेले की अलास्काच्या क्रूझचा विषय निघतोच. कान्ह्यातल्या एका निवृत्त जोडप्यानं परवा मला मुलानं पाठवलेली दोन जहाजांची माहिती दाखवली. पोहण्याचा तलाव, नाट्यगृह, किती रेस्टॉरंट, सगळं त्यात होतं. जहाज कोणत्या वाटेनं जाणार आणि बर्फाजवळ किती वेळ थांबणार, हे मात्र शोधूनही सापडेना. मुंबईहून गोव्याला कॉर्डेलियानं जाऊन आलेल्यांना जहाज म्हणजे जेवण आणि करमणूक असं वाटणं साहजिक आहे. तिथे बाहेर पाणीच पाणी असतं. अलास्कात पाहायचं ते सगळं जहाजाच्या बाहेर असतं. म्हणून आधी वाट ठरवावी, मग जहाज.

मोठी जहाजं मुख्यतः दोन बंदरांतून सुटतात: अमेरिकेतलं सिएटल आणि कॅनडातलं व्हँकूव्हर. व्हँकूव्हरहून निघालेलं जहाज बेटं आणि मुख्य भूमी यांच्यामधल्या चिंचोळ्या, शांत पाण्यातून वर सरकतं. दोन्ही हातांना डोंगर आणि जंगल. सिएटलची बरीचशी जहाजं मात्र व्हँकूव्हर बेटाच्या पश्चिमेनं, उघड्या प्रशांत महासागरातून जातात. तिथे जहाज हलतं आणि किनारा फारसा दिसत नाही. ज्यांना घाटातल्या एसटीतही मळमळतं त्यांनी हा फरक मनावर घ्यावा. मुलाच्या घरापासून बंदर जवळ, एवढ्याच कारणासाठी सिएटल निवडू नये. व्हँकूव्हर तिथून सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटरवर आहे; रेल्वेही जाते, बसही जाते.

आता व्हिसाचं. अमेरिकेत १८८६ साली झालेल्या एका कायद्यानुसार परदेशी झेंड्याच्या जहाजाला अमेरिकेच्याच दोन बंदरांमध्ये प्रवासी वाहता येत नाहीत, आणि सिएटलहून निघून सिएटललाच परतायचं तर मधे परदेशी बंदर घ्यावंच लागतं. मोठी क्रूझ जहाजं जवळजवळ सगळी परदेशी झेंड्याची. म्हणून सिएटलचं जहाज बहुधा शेवटच्या संध्याकाळी काही तासांसाठी कॅनडातल्या व्हिक्टोरियाला लागतं. म्हणजे फेरी सिएटल ते सिएटल असली तरी भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा व्हिसा हवा, आणि अमेरिकेचा व्हिसा पुन्हा आत येऊ देणारा हवा. मुलांकडे बऱ्याचदा ग्रीन कार्ड किंवा अमेरिकी पासपोर्ट असतो, त्यामुळे ही गोष्ट त्यांच्या ध्यानातच येत नाही. कागद अपुरे असतील तर जहाजावर चढूच देत नाहीत.

वाट ठरली की एक नाव शोधा: ग्लेशियर बे. हे राष्ट्रीय उद्यान आहे आणि उन्हाळ्यात तिथे दिवसाला फक्त दोन मोठ्या क्रूझ जहाजांना प्रवेश मिळतो. हॉलंड अमेरिका, प्रिन्सेस आणि नॉर्वेजियन या कंपन्यांच्या बऱ्याच फेऱ्या तिथे जातात. पण त्याच कंपनीच्या, कधी त्याच जहाजाच्या, दुसऱ्या फेरीत ग्लेशियर बे नसते. म्हणून कंपनीच्या नावावर विसंबू नका, त्या तारखेचा कार्यक्रम वाचा. सुमारे अडीचशे वर्षांपूर्वी ही खाडीच नव्हती, सगळा बर्फ होता. १७९४ मध्ये व्हँकूव्हर या दर्यावर्दीच्या मोहिमेला तोंडाशीच बर्फाची भिंत दिसली. १८७९ मध्ये निसर्गअभ्यासक जॉन म्यूर आला तेव्हा ती साठ-सत्तर किलोमीटर मागे सरली होती. आज जहाज त्या मोकळ्या झालेल्या पाण्यातून आत जातं. सकाळी उद्यानाचे रेंजर लहान बोटीतून येऊन शिडीनं जहाजावर चढतात आणि दिवसभर ध्वनिक्षेपकावरून माहिती सांगतात. दुपारच्या सुमारास जहाज मार्जरी हिमनदीसमोर थांबतं. दीड किलोमीटरहून रुंद, वीसपंचवीस मजली उंच अशी ही बर्फाची भिंत आहे. भेगांमध्ये गडद निळी, वर मातीनं मळलेली. आधी बर्फाचा एक कडा सुटून पाण्यात पडताना दिसतो, गडगडाट नंतर येतो, आणि त्याही नंतर लाट जहाजाखालून सरकते. कॅप्टन जहाज जागच्या जागी फिरवतो, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या बाल्कन्यांना दर्शन होतं. तरी माझं सांगणं असं, की बाल्कनीसाठी जादा पैसे मोजण्याआधी जहाजाला पुढचा उघडा डेक आणि चारही बाजूंनी चालता येईल असा खालचा डेक आहे का ते पाहा. तो असेल तर आतली स्वस्त केबिनही चालते. हॉलंड अमेरिकेच्या जहाजांवर अशा दिवशी डेकवर वाटाण्याचं गरम सूप देतात. शाकाहाऱ्यांनी त्यात मांस आहे का, ते विचारून घ्यावं.

आकाराबद्दल माझं मत स्पष्ट आहे. नॉर्वेजियन ब्लिससारखं चार हजार प्रवाशांचं जहाज अलास्कासाठी फार मोठं. नातवंडं बरोबर असतील तर ठीक. वाटेतल्या जुनो या बंदराच्या गावाची वस्ती साधारण बत्तीस हजार. अशी तीन-चार जहाजं एकाच दिवशी लागली तर गावात चालायला जागा उरत नाही. म्हणूनच तिथल्या प्रशासनानं २०२४ पासून दिवसाला पाच मोठ्या जहाजांची मर्यादा घातली. चौदाशे ते एकवीसशे प्रवाशांची जहाजं, उदाहरणार्थ झांडॅम किंवा युरोडॅम, जुनी आणि शांत आहेत. पण त्यांवर दवाखाना आहे, लिफ्ट आहे आणि आधी कळवलं तर भारतीय शाकाहारी जेवणही मिळतं.

लहान जहाजांची गोष्ट वेगळी. अनक्रूझ या कंपनीची जहाजं जेमतेम २२ ते ८६ प्रवाशांची. ती ग्लेशियर बेमध्ये मुक्काम करतात, कायाकमध्ये बसवतात, किनाऱ्यावर जंगलात चालायला नेतात. झेंडा अमेरिकेचा, त्यामुळे जुनोहून निघून जुनोला परतणाऱ्या फेरीला कॅनडाचा व्हिसा लागत नाही. पण भाडं कितीतरी जास्त, लिफ्टची अपेक्षा ठेवू नये, आणि हलत्या रबरी होडीत पाय टाकावा लागतो. राजमाची-लोहगड अजून सहज चढत असाल तर पैसे साठवून हेच करा. गुडघे कुरकुरत असतील तर नको.

पावसाला मात्र मावळच्या माणसानं भिऊ नये. वाटेतल्या केचिकान बंदराला वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरहून अधिक पडतो, म्हणजे आपला लोणावळ्याचाच हिशेब. फक्त गारठा जास्त. त्यातल्या त्यात मे-जून कोरडे, आणि जूनमध्ये जुनोला उजेड अठरा तास.

कान्ह्याच्या त्या जोडप्याला मी सांगितलं ते असं: व्हँकूव्हरहून अलास्कातल्या व्हिटियर किंवा सेवर्डला जाणारी सात रात्रींची एकेरी फेरी घ्या, मध्यम किंवा त्याहून लहान जहाज, ग्लेशियर बे असलेली तारीख, आणि परत अँकरेजहून विमानानं सिएटल. ज्यांना पुढच्या जूनमध्ये जायचं आहे त्यांनी कॅनडाच्या व्हिसाचा अर्ज आत्ताच भरावा. पैसे परत न मिळणारं बुकिंग व्हिसा हातात पडेपर्यंत करू नये.