पाऊण डॉलरचा हिशेब

प्रवेशाची गडबड ओसरली की कॉलेजच्या आवारात एक वाक्य हमखास कानावर पडतं. "दादा, तुझा वायफायचा आयडी दे ना, माझा अजून आला नाहीये." मागणारा पहिल्या वर्षाचा, देणारा तिसऱ्या. नाही म्हणणं कद्रूपणाचं वाटतं, म्हणून कोणी नाही म्हणत नाही. मीही म्हटलेलं नाही. एका पाहुण्या वक्त्यासाठी तर मी माझा आयडी आणि पासवर्ड सरळ फळ्यावर लिहून दिला होता. व्याख्यान झालं, चहा झाला, फळा पुसायचा राहिला. महिन्याभरानं संगणक विभागातून फोन आला, "सर, तुम्ही रात्री अडीच वाजता सिनेमे डाउनलोड करता का?" अडीच वाजता मी घोरत असतो. पण त्यांच्या वहीत माझं नाव होतं.

ही वही म्हणजे 'लॉग'. कोणत्या खात्यानं, कोणत्या यंत्रावरून, किती वाजता जाळ्यात पाऊल टाकलं याची नोंद. तिला माणूस कळत नाही, खातं कळतं. कॅम्पसवरच्या सुरक्षेचा सगळा डोलारा या एका गोष्टीवर उभा आहे, आणि तिची जगातली सगळ्यात गाजलेली गोष्ट घडली १९८६ साली, पाऊण डॉलरपायी.

क्लिफर्ड स्टॉल हा मूळचा खगोलशास्त्रज्ञ. अनुदान संपलं, तेव्हा कॅलिफोर्निया विद्यापीठ चालवत असलेल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेनं त्याला दुर्बिणींपासून उठवून संगणक केंद्रात बसवलं. त्या काळी संगणकाचा वेळ मोजून त्याचं बिल संशोधकांच्या नावे फाडलं जाई. महिन्याचा हिशेब पंचाहत्तर सेंटनी जुळेना. दुसरा कोणी असता तर 'किरकोळ' सदरात टाकून मोकळा झाला असता. स्टॉल नवा होता, चिकट होता. त्यानं वह्या चाळल्या, तर 'हंटर' नावाचं एक खातं सापडलं. त्याचं बिल कोणाकडे पाठवायचं हेच कुठं लिहिलेलं नव्हतं. नऊएक सेकंद वापरून कोणी तरी पैसे न देता गेलं होतं.

पुढं ध्यानात आलं की हा पाहुणा आणखी एका खात्यातूनही ये-जा करतो. ते खातं एका जुन्या सहकाऱ्याचं होतं, आणि तो केव्हाच इंग्लंडला गेला होता. माणूस परदेशी, खातं मात्र जागेवर. कुलूप न लावता सोडलेल्या खोलीसारखं.

स्टॉलनं काय करावं? एका शनिवार-रविवारी सहकाऱ्यांच्या टेबलांवरचे प्रिंटर आणि टर्मिनल उचलून आणले आणि बाहेरून येणाऱ्या पन्नासएक लाइनींना जोडले. सोमवारी सकाळी लोकांनी काय आरडाओरडा केला असेल याची कल्पना करता येते. पण पाहुण्यानं टंकलेलं प्रत्येक अक्षर आता कागदावर उमटलं होतं. हा माणूस प्रयोगशाळेतून पुढं अमेरिकी लष्कराच्या संगणकांत शिरत होता, आणि तेही फारशी हुशारी न लावता. कारखान्यातून यंत्र येई तेव्हा त्यात 'फील्ड' नावाचं खातं आणि 'सर्व्हिस' हा पासवर्ड आधीच भरलेला असे. कित्येक ठिकाणी तो बदललेलाच नव्हता.

फोनची लाइन शोधत मागं जायचं तर पाहुणा बराच वेळ जोडलेला राहायला हवा. तेव्हा स्टॉल आणि त्याच्या मैत्रिणीनं अंतराळ संरक्षण प्रकल्पाच्या खोट्या फाइलींचा ढीग रचला, सोबत एक काल्पनिक सेक्रेटरीही निर्माण केली. पाहुणा वाचत बसला. माग जर्मनीत गेला, ब्रेमेनच्या विद्यापीठाच्या संगणकातून थेट हॅनोवरपर्यंत. मार्कुस हेस हे त्याचं नाव. मिळालेला माल सोव्हिएत गुप्तचर यंत्रणेला विकणाऱ्या टोळीतला तो एक. १९९० साली हेरगिरीबद्दल त्याला दोषी ठरवण्यात आलं. विद्यापीठं या गोष्टीत दोन्ही टोकांना आहेत, हे मला विशेष वाटतं. चोराला सरळ किल्ल्यात जायचं नसतं. जिथं सगळ्यांना मोकळेपणानं येता-जाता येतं, असा वाडा त्याला आधी हवा असतो.

त्याच १९८६ साली आपल्याकडे शिक्षणसंस्थांना जोडणाऱ्या अर्नेटची सुरुवात झाली. जुहूचं एनसीएसटी आणि पवईचं आयआयटी ही त्यातली पहिल्या फळीतली नावं. पहिल्या काळात सगळे सगळ्यांना ओळखत. पासवर्ड ही औपचारिकता होती. हा भाबडेपणा जगभर होता, आणि तो २ नोव्हेंबर १९८८ रोजी महागात पडला. कॉर्नेल विद्यापीठातल्या रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्यानं एमआयटीच्या यंत्रावरून एक किडा, म्हणजे आपोआप पसरणारा प्रोग्राम, सोडला. इतर फटींबरोबरच हा किडा पासवर्ड ओळखून पाही: आधी खात्याचंच नाव, मग ते उलटं, मग ४३२ शब्दांची एक यादी. इतकं पुरलं. त्या वेळच्या इंटरनेटवरची हजारो यंत्रं गारद झाली. गंमत अशी की पासवर्ड किती सहज ओळखता येतात यावरचा १९७९ सालचा गाजलेला निबंध मॉरिसच्या वडिलांनी केन थॉम्पसनबरोबर लिहिला होता.

आज कॅम्पसवर शिरायच्या दोन तऱ्हा आहेत. एक उघडं वायफाय: जोडलं की ब्राउझरमध्ये पान उघडतं, आयडी टाका. सोपं, पण तकलादू. कँटीनमध्ये बसून कोणीही आपल्या लॅपटॉपवरून त्याच नावाचं वायफाय सुरू करू शकतो, तसंच पान दाखवू शकतो, आणि तुम्ही आपणहून पासवर्ड त्याच्या पदरात टाकता. दुसरी तऱ्हा पक्की. तिथं जोडतानाच फोन आणि विद्यापीठाचा सर्व्हर एकमेकांची ओळख पटवतात. 'एज्युरोम' ही जगभर पसरलेली सोय याच पायावर उभी आहे. तिची कल्पना २००२च्या सुमारास नेदरलँड्समध्ये निघाली, आता शंभराहून जास्त देशांत ती चालते. भारतात अर्नेट ती पाहतं.

एज्युरोम समजायला आपल्याला हुंडी पुरे. पुण्याच्या पेढीची हुंडी घेऊन माणूस काशीला जाई. काशीचा सावकार त्याला ओळखत नसे, पेढीला ओळखत असे. इथंही तेच. एज्युरोममध्ये असलेल्या आपल्याकडच्या संस्थेतली संशोधक परिषदेसाठी हॉलंडच्या एखाद्या विद्यापीठात गेली, की तिचा फोन तिथल्या वायफायला आयडी देतो. यजमान त्या आयडीतला '@'नंतरचा भाग, म्हणजे पेढीचं नाव तेवढं वाचतो आणि लखोटा देशोदेशीच्या सर्व्हरांमार्फत मायदेशी पाठवतो. पासवर्ड आत बंद. तो उघडते फक्त तिची संस्था, आणि 'आमचीच आहे' असा निरोप परत जातो. सगळं दोन-चार सेकंदांत.

पण लखोटा भलत्याच पेढीकडे गेला तर? त्यासाठी सर्व्हरचं प्रमाणपत्र असतं, आणि नेमकं इथं घोडं पेंड खातं. अनेक जुन्या अँड्रॉइड फोनांत जोडणी करताना 'डू नॉट व्हॅलिडेट' असा पर्याय दिसतो. वसतिगृहातला जाणकार सांगतो, "तेच निवड, लगेच लागतं." लागतंही. मात्र त्या क्षणापासून फोन कोणत्याही तोतया वायफायला आपलं मानायला तयार असतो. यावर उपाय कंटाळवाणा आहे: संस्थेनं दिलेल्या ॲपनं किंवा फाइलनंच जोडणी करायची, सीनियरच्या तोंडी सूचनांवर नाही.

एवढं करून माझा पासवर्ड चोरून कोणाला काय मिळणार, असं प्राध्यापक मंडळी हसत विचारतात. मार्च २०१८ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्यानं नऊ इराणी नागरिकांविरुद्ध दाखल केलेलं आरोपपत्र त्यांनी जरूर वाचावं. त्यानुसार १४४ अमेरिकी आणि इतर २१ देशांतली १७६ विद्यापीठं लक्ष्य होती. एक लाखाच्या आसपास प्राध्यापकांच्या खात्यांवर नेम धरला गेला आणि सुमारे आठ हजार खाती फोडली गेली. युक्ती कोणती? दुसऱ्या विद्यापीठातल्या प्राध्यापकाच्या नावे मेल: आपला अमुक शोधनिबंध वाचला, आवडला, सोबतचेही पाहावेत. खाली दुवा. दुव्यावर आपल्याच विद्यापीठाचं हुबेहूब लॉगिनचं पान. आपला निबंध कोणी तरी वाचला, या बातमीपुढं भल्याभल्यांची सावधगिरी विरघळते. घबाड काय होतं, तर शोधपत्रिका, प्रबंध, ई-पुस्तकं. आपल्याकडे १ जानेवारी २०२५ पासून 'एक राष्ट्र, एक सदस्यता' योजनेत तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार नियतकालिकं सरकारी संस्थांना खुली झाली आहेत, तीन वर्षांसाठी सहा हजार कोटींची तरतूद आहे. म्हणजे तालुक्याच्या सरकारी कॉलेजातल्या लॉगिनलाही आता चोरबाजारात भाव आहे.

दुवा ओळखायची एक साधी रीत मी विद्यार्थ्यांना सांगतो. पोस्टाच्या पत्त्यात गाव शेवटी येतं ना? इथंही पहिल्या एकेरी तिरक्या रेघेपाशी थांबा आणि तिथून डावीकडे वाचत या. रेघेला चिकटून आहे तेच खरं गाव. त्याच्या अलीकडे विद्यापीठाचं नाव कितीही ठळक लिहिलेलं असो, ते नुसतं घराला दिलेलं नाव.

दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलायला लावणाऱ्या कार्यालयांविषयी मात्र मला काही प्रेम नाही. त्यातून 'पुणे' आणि साल जोडलेला पासवर्ड निघतो, पुढच्या खेपेला सालाचा आकडा बदलतो. अमेरिकेच्या मानक संस्थेनंही ही सक्ती नको असं २०१७ सालीच सांगितलं. लांब, दुसरीकडे कुठंही न वापरलेला पासवर्ड आणि जोडीला फोनवरची दुसरी खातरजमा, हे बरं.

मुलांचा नेहमीचा प्रश्न: "सर, नेटवर्कवाले सगळं बघतात का?" बँकेच्या किंवा मेलच्या पानावर तुम्ही काय लिहिलं ते त्यांना सहसा दिसत नाही, कारण मजकूर कुलूपबंद जातो. कोणत्या संकेतस्थळावर किती वाजता गेलात, ते बहुधा दिसतं. बाहेरच्या जगाला तर हजारो विद्यार्थ्यांचं अख्खं विद्यापीठ मोजक्या आयपी पत्त्यांमागं दिसतं. पोलीस पत्ता आणि वेळ घेऊन येतात. त्यातून नेमकं खातं शोधायला वहीच लागते. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार ती १८० दिवस जपायची असते आणि घुसखोरीसारखी घटना कळल्यापासून सहा तासांत कळवायची असते. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीनं वापरणाऱ्याला माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-सी खाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि लाखापर्यंत दंड आहे. पण चौकशीचा पहिला फोन येतो तो ज्याचं नाव वहीत आहे त्याला. मला आला तसा.

फळ्याच्या प्रकरणानंतर काही वर्षांनी मी ती संस्था सोडली. 'नो ड्यूज'च्या कागदावर ग्रंथालयाची सही घेतली, प्रयोगशाळेची घेतली, जिमखान्याची घेतली. जिमखान्यात मी कधी पाऊल ठेवलेलं नव्हतं. संगणक विभागाचा रकाना कागदावर नव्हता. परवा एका परीक्षेच्या कामासाठी तिथं गेलो, तर जुना लॅपटॉप आपसूक वायफायला जोडला गेला. स्क्रीनवर माझं नाव आलं, आडनावासकट, आणि पुढं 'वेलकम'.