बढतीची फाईल पहिल्या दिवसापासून

पुणतांब्यात नेट-सेटची तयारी करणाऱ्या मुलामुलींशी बोलायला आम्ही गेलो होतो. विषय होता नोकरी मिळवण्याचा. शेवटी बोलायला उठले ते महाविद्यालयात शिकवणारे आपलेच एक सर, घरातले पहिले पदवीधर. त्यांनी कापडी पिशवी टेबलावर रिकामी केली. परिषदांची प्रमाणपत्रे, शोधनिबंधांच्या झेरॉक्स, याच गावातून सुरू झालेल्या 2017 च्या शेतकरी संपावरच्या त्यांच्या लेखांची कात्रणे, एक कवितासंग्रह. वरच्या श्रेणीचा प्रस्ताव छाननीतून परत आला होता. काम भरपूर होते, पण कोणते काम कुठे मोजतात हे त्यांना कुणी सांगितलेच नव्हते. आम्ही समाजशास्त्रात एम.ए. केले, तेव्हा आम्हालाही कुणी सांगितले नाही. ज्यांच्या घरात आधीच प्राध्यापक असतात, त्यांना हे जेवताना कळते.

नियम विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 18 जुलै 2018 च्या नियमावलीतले आहेत. राज्य शासनाने 8 मार्च 2019 च्या निर्णयाने ते लागू केले. सहायक प्राध्यापक स्तर 10 वर लागतो. पीएच.डी. असेल तर चार वर्षांनी, एम.फिल. असेल तर पाच आणि दोन्ही नसेल तर सहा वर्षांनी 11 साठी अर्ज करता येतो. पुढे 12, मग 13ए म्हणजे सहयोगी प्राध्यापक. महाविद्यालयात स्तर 14 चे प्राध्यापक व्हायचे तर पीएच.डी., दहा शोधनिबंध (त्यातले तीन मूल्यमापनाच्या काळातले) आणि किमान 110 संशोधन गुण लागतात.

भाषा आणि सामाजिक शास्त्रांत एका शोधनिबंधाला 10 गुण, राष्ट्रीय प्रकाशकाच्या पुस्तकाला 10, संपादित ग्रंथातल्या प्रकरणाला 5, पुस्तकाच्या अनुवादाला 8. दोघांनी मिळून लिहिले तर प्रत्येकाला 70 टक्के. वर्तमानपत्रातला लेख किंवा जयंती विशेषांकातला लेख या तक्त्यात कुठेच बसत नाही. कवितेलाही वेगळा रकाना नाही, संग्रह पुस्तक म्हणून मांडावा लागतो आणि मग प्रकाशक कोण हा प्रश्न येतो. आम्हाला हे पटत नाही. प्रा. गंगाधर पानतावणे यांच्या 'अस्मितादर्श'ने दलित साहित्याची एक पिढी उभी केली. तसले लेखन घेऊन आज कुणी छाननीला बसला, तर पहिली विचारणा तज्ज्ञ-परीक्षणाची होईल. त्याविरुद्ध बोलत राहूच, पण फाईल आजच्या नियमाने लावावी लागते.

बाबासाहेबांच्या 'कास्ट्स इन इंडिया'ची नोंद बघा. 9 मे 1916 रोजी कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात वाचला, मे 1917 च्या 'इंडियन अँटिक्वरी'त छापला. कुठे, कधी, कुणासमोर, कशात, सगळे आहे. आपल्या प्रत्येक निबंधामागे एवढे हवेच, शिवाय स्वीकृतिपत्र, मुखपृष्ठ, अनुक्रमणिका, आयएसएसएन आणि सहलेखक असेल तर त्याचे सहीचे पत्र. आयोगाने फेब्रुवारी 2025 मध्ये केअर यादी बंद केली. म्हणून जुन्या निबंधासाठी ते नियतकालिक त्या वेळी यादीत होते याचा पुरावा जपा, नव्यासाठी परीक्षकांचे शेरे आलेला मेल जपा. व्याख्यानाचे नुसते प्रमाणपत्र नको, निमंत्रणपत्र आणि कार्यक्रमपत्रिकाही लावा.

वार्षिक स्वयंमूल्यमापन दरवर्षी द्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक घ्या. तोंडी 'दिले होते' याला कार्यालयात किंमत नाही. पात्रतेच्या तारखेआधी तीन महिने अर्ज करता येतो, आणि वेळेवर अर्ज करून पास झालात तर बढती पात्रतेच्या तारखेपासून धरतात. नापास झालात तर पुढचे मूल्यमापन वर्षानंतरच. सहयोगी प्राध्यापकपदाच्या निवड समितीत मागासवर्गीय उमेदवार असेल आणि सदस्यांत त्या प्रवर्गाचे कुणी नसेल, तर तसा तज्ज्ञ नेमावा लागतो. तो नेमला आहे का, हे आधी विचारा. विचारण्यात उद्धटपणा काही नाही.

जानेवारी 2025 च्या नव्या मसुद्यात गुणांऐवजी लक्षणीय योगदानाची भाषा आहे. पण योगदान दाखवायलाही कागदच लागेल.

सरांच्या पिशवीतून त्या दिवशी दोन फायली तयार झाल्या. एका निबंधाचे स्वीकृतिपत्र अजून सापडलेले नाही, संपादकांना मेल केला आहे.