न दिसणारा मका

गहू, ज्वारी, बाजरी आणि तांदूळ यांच्या आधारावर ज्या प्रांताचे स्वयंपाकघर पिढ्यान्‌पिढ्या चालत आले, तेथे मक्याचे वावडे असलेल्या माणसाचे काही फार अडत असेल असे सहसा कोणास वाटत नाही. पावसाळ्यात निखाऱ्यावर भाजलेले कणीस, सिनेमागृहातील लाह्या आणि दिवाळीतला मक्याच्या पोह्यांचा चिवडा एवढे सोडले की प्रश्न मिटला, असा हिशेब शेजारी मांडतात, नातलग मांडतात आणि क्वचित वैद्यही मांडतात. आणि ज्या घरात असा रुग्ण आहे त्या घरास पहिला उपद्रव होतो तो या हिशेबाचाच, कारण डोळ्यांना दिसणारा मका टाळणे हे या आजारातील सर्वांत सोपे काम असून, जो दिसत नाही आणि ज्याचे नावही पुष्कळदा वेष्टनावर नमूद नसते, त्याच्याशीच त्या घराची आयुष्यभर गाठ असते. माझ्या निकटच्या आप्तांत अशी एक मुलगी वाढते आहे, म्हणून हा विषय मला केवळ कुतूहलाचा राहिलेला नाही. परंतु तिची कहाणी सांगण्यापेक्षा तिच्या भोवती रूढ झालेल्या समजुतींची शहानिशा करणे अधिक उपयोगाचे आहे.

त्यांतील सर्वांत जुनी आणि सर्वांत घातक समजूत अशी की, हा आजार नसून आवडीनिवडीचा प्रकार आहे, आणि थोडेथोडे खाऊ घातले म्हणजे शरीराला सवय होते. सवय होण्याऐवजी शरीर नेमके उलट वागू शकते, हे शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९०२ सालीच जगापुढे मांडले होते. सागरी प्राण्यांचे विष त्यांनी कुत्र्यांना टोचले; पहिल्या मात्रेतून बचावलेल्या कुत्र्यांना काही आठवड्यांनी त्याच विषाची अगदी अल्प मात्रा दिली असता, ती सहन होण्याऐवजी काही मिनिटांतच प्राणघातक ठरली. रिशे यांना याच कार्यासाठी १९१३ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. अन्नाच्या तीव्र वावड्यात घडते ते याच जातीचे: एखादे निरुपद्रवी प्रथिन शरीराची संरक्षणव्यवस्था एकदा शत्रू म्हणून नोंदवून ठेवते, त्याविरुद्ध आयजीई या वर्गातील प्रतिपिंडे तयार करते, आणि ते प्रथिन पुन्हा दारात येताच हिस्टामिन व तत्सम द्रव्यांचा असा लोंढा सोडते की अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, घसा आवळतो, वांत्या होतात आणि रक्तदाब ढासळतो. ‘एक घास तरी घे’ या आग्रहातील तो एक घास म्हणूनच निरुपद्रवी नव्हे. काही अन्नांच्या बाबतीत तज्ज्ञ वैद्य अत्यंत सूक्ष्म मात्रा वाढवीत नेण्याचे उपचार करतात हे खरे, परंतु ते त्यांच्या देखरेखीखाली चालते; ते घरच्या ताटावर करून पाहण्याचे काम नाही.

शिजविले, उकडले, तळले की दोष जातो, ही समजूत काही फळभाज्यांच्या बाबतीत खरी ठरते, मक्याच्या बाबतीत ठरत नाही. मक्यातील प्रमुख दोषी प्रथिन इटलीतील संशोधकांनी २००० साली निश्चित केले. वनस्पतींच्या पेशींत स्निग्ध द्रव्यांची ने-आण करणाऱ्या प्रथिनांच्या कुळातील हे एक लहानसे प्रथिन असून, गंधकाच्या चार बंधांनी ते असे घट्ट विणलेले असते की उकळते पाणी आणि जठरातील आम्ल या दोहोंतूनही ते बव्हंशी शाबूत सुटते. याच कुळातील प्रथिन पीच या फळातही असल्यामुळे काही रुग्णांना दोन्हींचा त्रास होतो. या कुळाच्या वावड्याचा आणखी एक विशेष ध्यानात घेण्याजोगा आहे: धावपळ, तापावरच्या व वेदनाशामक गोळ्यांपैकी काही गोळ्या किंवा मद्य यांची जोड मिळाली की एरवी निभावून गेलेला पदार्थही एखाद्या दिवशी उग्र प्रतिक्रिया घडवितो. ‘परवा खाल्ले तेव्हा तर काही झाले नाही’ हा युक्तिवाद ऐकून मुलीला खोटे ठरविणाऱ्यांनी एवढे तरी लक्षात घ्यावे.

याच्या विरुद्ध टोकाची चूकही तितकीच प्रचलित आहे. रक्ततपासणीच्या कागदावर मक्यापुढे धन चिन्ह आले की त्या मनुष्याला मक्याचे वावडे आहे, असे पुष्कळजण धरून चालतात. त्वचेवरील टोचणीची चाचणी आणि आयजीईची मोजणी या दोहोंवरून शरीराने त्या पदार्थाची नोंद घेतली आहे एवढेच सिद्ध होते. ज्यांना गवताच्या परागांचा त्रास आहे त्यांच्या तपासणीत मका, गहू, तांदूळ अशी सारीच तृणधान्ये दोषी दिसू शकतात, आणि तरीही ती माणसे भाकरी-पोळी सुखाने खात असतात. अंतिम निर्णय रुग्णाच्या पूर्ववृत्तावर, आणि संशय उरल्यास रुग्णालयात देखरेखीखाली तो पदार्थ खाऊ घालून केलेल्या परीक्षेवर ठरतो. आयजीजी नामक प्रतिपिंडांच्या मोजणीवरून शंभर-दीडशे पदार्थांची यादीवार बंदी लिहून देण्याचा जो प्रकार चालतो, त्याला वावड्याच्या निदानात काही आधार नाही, आणि त्यापायी वाढत्या मुलांचे अन्न तोडणे हा त्या मुलांवर अन्याय आहे. मका ज्वारीचा निकटचा भाऊबंद म्हणून ज्वारीही बंद करावी, असा सल्लाही परीक्षेवाचून अमलात आणू नये.

ग्लुटेनच्या विकाराशी या आजाराची गल्लत होते तीही येथेच निस्तरलेली बरी. मक्यात गव्हासारखे ग्लुटेन नसते, आणि म्हणूनच ग्लुटेनमुक्त म्हणून विकली जाणारी बिस्किटे व पाव यांत मक्याचे स्टार्च सर्रास वापरले जाते. एका रुग्णास जे पथ्य तेच दुसऱ्यास विष.

आता त्या न दिसणाऱ्या मक्याकडे वळू. आपण ज्याला कॉर्नफ्लोअर म्हणतो ते म्हणजे मक्याचे स्टार्च, आणि गेल्या काही दशकांत ते आपल्या बाजारात इतके मुरले आहे की त्याचा माग काढणे हा घरच्या माणसांचा नित्याचा उद्योग होऊन बसतो. मंचुरियन आणि सूप यांत ते असते हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु हॉटेलातील बासुंदीला दाटपणा, भज्यांना कुरकुरीतपणा, आइस्क्रीमला मऊपणा आणण्यासाठीही त्याचाच आश्रय घेतला जातो. बेकिंग पावडरीत ओल शोषून घेण्यासाठी ते मिसळतात, केकवर भुरभुरण्याच्या पिठीसाखरेत गुठळ्या होऊ नयेत म्हणून मिसळतात. बांधानी हिंगात शुद्ध हिंगाबरोबर डिंक आणि धान्याचे पीठ किंवा स्टार्च घालण्यास कायद्याने मुभा आहे, आणि ते बहुधा गव्हाचे वा तांदळाचे असले तरी खातरजमा केल्यावाचून फोडणीत टाकू नये. कस्टर्ड पावडरीचा इतिहास तर मला नेहमी अंतर्मुख करतो: बर्मिंगहॅमचे आल्फ्रेड बर्ड यांनी ती १८३७ साली तयार केली ती पत्नीला अंड्याचे वावडे होते म्हणून, आणि अंड्याच्या जागी त्यांनी योजले ते मक्याचे स्टार्च. एका रुग्णावरील प्रेमापोटी निघालेली वाट दुसऱ्या रुग्णास खड्ड्यात नेते, याचा दोष कोणाच्याही माथी मारता येत नाही. प्रत्येक रुग्णाची यादी वेगळी असते एवढेच त्यातून घ्यावयाचे.

वेष्टन वाचले की काम भागते, ही सुशिक्षितांची समजूत. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० सालच्या नियमांनुसार ग्लुटेनयुक्त धान्ये, कवचधारी जलचर, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे व कठीण कवचाची फळे, सोयाबीन आणि ठरावीक प्रमाणापुढील सल्फाइट यांची स्वतंत्र नोंद वेष्टनावर सक्तीची आहे; या यादीत मका नाही. अमेरिकेच्या २००४ सालच्या कायद्यात तो नाही, आणि तेथे २०२३ पासून तिळाचा समावेश झाला तेव्हाही मका बाहेरच राहिला. युरोपच्या चौदा पदार्थांच्या यादीतही तो नाही. त्यातच आपल्याकडे रासायनिक प्रक्रिया न केलेल्या स्टार्चला नुसते ‘स्टार्च’ म्हणून छापण्याची मुभा असल्याने, ते मक्याचे की टॅपिओकाचे हे वाचणाऱ्यास कळत नाही, आणि प्रक्रिया केलेली स्टार्चे १४०० आणि त्यापुढील क्रमांकांआड दडलेली असतात. माल्टोडेक्स्ट्रिन, डेक्स्ट्रोज, लिक्विड ग्लुकोज, सॉर्बिटॉल हे शब्दही मक्याकडे बोट दाखवू शकतात. अशा वेळी उत्पादकास पत्र लिहून मुळाची चौकशी करणे आणि लेखी उत्तर येईपर्यंत तो जिन्नस घरात न आणणे, हीच रीत सुरक्षित.

तरीही मक्यापासून निघालेली प्रत्येक वस्तू सारखीच धोक्याची, असे समजून घरभर भीती पसरविणेही बरोबर नव्हे. वावडे असते ते प्रथिनाचे. दळलेल्या पिठात ते भरपूर असते, स्टार्चमध्ये अल्पांशाने उरते, शुद्ध केलेले तेल, शर्करा आणि बुरशीच्या साह्याने आंबवून काढलेले सायट्रिक आम्ल यांत ते जवळजवळ उरत नाही. तीव्र वावड्याच्या रुग्णाने यांपैकी कोठे रेघ ओढावी हे त्याच्या वैद्याने त्याच्यापुरते ठरवावे आणि घराने ती रेघ पाळावी. अमेरिकेतील रुग्णांच्या लेखनावरून आपल्या स्वयंपाकघराचा अंदाज करणाऱ्यांनी आणखी एक भेद जाणावा: तेथील आयोडीनयुक्त मिठात पोटॅशियम आयोडाइड टिकविण्यासाठी डेक्स्ट्रोज घालण्याची पद्धत आहे, तर आपल्याकडे मुळातच टिकाऊ असे पोटॅशियम आयोडेट वापरतात, तेथील गोड पेयांत मक्याचा पाक असतो, तर आपली साखर आणि गूळ उसाचे.

आपल्या संसारात संकटे येतात ती निराळ्याच दारांनी. गिरणीत आपल्या आधी कोणी मका दळून नेला असेल तर त्याचे पीठ जात्याच्या पाळ्यांत अडकून राहते आणि आपल्या ज्वारीत उतरते; म्हणून अशा घरी घरघंटी हा चैनीचा विषय राहत नाही. उत्सवांत उधळला जाणारा ‘नैसर्गिक’ गुलाल पुष्कळदा मक्याच्या स्टार्चवर रंग चढवून केलेला असतो आणि तो थेट श्वासात जातो. विसर्जनाच्या मिरवणुकीस या मुलीला गॅलरीतही उभे राहू न देणे कठोर वाटते, परंतु तेच शहाणपणाचे असते. मक्याची भजी तळलेल्या तेलात मागाहून बटाटेवडे तळले तर ते वडेही वर्ज्य. बेबीकॉर्न ही निराळी भाजी नसून कोवळे कणीसच होय. दुसरीकडे, आपल्याच परंपरेने एक तयार भांडारही हाती दिले आहे, त्याकडे मात्र दुर्लक्ष होते: उपवासाच्या फडताळातील शिंगाड्याचे पीठ रसाला दाटपणा उत्तम देते, साबुदाणा टॅपिओकाचा असतो, वरी आणि राजगिरा तर आहेतच. बाजारचे आरारूट मात्र घेताना जपावे, कारण त्या नावाखाली मक्याचेच स्टार्च विकले जाण्याचा संभव असतो.

कार्यप्रसंगी यजमानांनी करावयाचे एवढेच की, ही मुलगी आपला डबा घेऊन आली तर त्याचा अपमान मानू नये, आणि ‘यात मका नाही’ असे आचाऱ्याला न विचारता सांगू नये. माहीत नसल्यास तसे म्हणावे. तिला त्याचे वाईट वाटत नाही.

शेवटची आणि जिवावर बेतणारी समजूत औषधाविषयीची आहे. ॲलर्जीची गोळी दिली की भागले, असे मानून घरे मौल्यवान मिनिटे गमावतात. ती गोळी खाज आणि गांधी शमविते. आवळलेला घसा ती उघडू शकत नाही आणि कोसळलेला रक्तदाब ती सावरू शकत नाही. ते काम ॲड्रेनालिनचे, आणि ते मांडीच्या बाहेरच्या अंगास स्नायूत टोचावयाचे असते: वजनाच्या दर किलोस ०.०१ मिलिग्रॅम, प्रौढास अधिकात अधिक ०.५ मिलिग्रॅम, आणि आराम न पडल्यास पाच मिनिटांनी पुन्हा. स्वयंचलित सुई परदेशांत सर्रास मिळते तशी आपल्याकडे सहज मिळत नसल्याने, कुपी, सिरिंज आणि मात्रा यांची तजवीज वैद्याकडून आधीच करून घ्यावी, आणि घरातील किमान दोघांनी टोचणे शिकून ठेवावे. अंगावर पुरळ नाही म्हणून थांबू नये. आवाज बसणे, धाप, वारंवार वांती, ग्लानी ही लक्षणे पुरेशी आहेत. रुग्णास आडवे निजवावे, धाप लागली असल्यास टेकवून बसवावे, उभे करू नये वा चालवू नये, आणि १०८ क्रमांकाची गाडी बोलवावी. बरे वाटले तरी रुग्णालयात जावे, कारण काही तासांनी दुसरी लाट येऊ शकते.

आणि रुग्णालयात पोहोचल्यावरही मक्याचा विषय संपत नाही. गोळ्यांना आकार देण्यास आणि पोटात विरघळण्यास मदत करणारे द्रव्य म्हणून मक्याचे स्टार्च औषधनिर्मितीत फार वापरले जाते. तेव्हा ‘औषधात अन्न कसे असेल’ असे न म्हणता फार्मासिस्टकडून घटकांची खात्री करून घ्यावी. शिरेतून देण्याच्या डेक्स्ट्रोजची साखर मक्यापासून काढलेली असते, आणि मक्याचे वावडे असलेल्यांसाठी तशा बाटल्यांच्या अमेरिकेतील माहितीपत्रकांत इशारा छापलेला असतो. साध्या सलाइनमध्ये ही साखर नसते. म्हणून रुग्णाच्या खिशातील चिठ्ठीत मराठीत आणि इंग्रजीत तीन ओळी ठळक लिहिलेल्या असाव्यात: मक्याचे तीव्र वावडे आहे, प्रथम ॲड्रेनालिन द्यावे, डेक्स्ट्रोज लावण्यापूर्वी डॉक्टरांनी विचार करावा. रक्तातील साखर घसरून प्राणावर बेतले असेल तर डेक्स्ट्रोज देण्याचा निर्णय अर्थातच त्यांचा, आणि तो त्यांनी ॲड्रेनालिन हाताशी ठेवून घ्यावा.